चामड्याएवढी जमीन

जव्हार संस्थानाच्या स्थापनेची एक गोष्ट आहे. ती १८८२ साली निघालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये छापली गेली आणि तिथून पुढे अनेक पुस्तकांत फिरली. थळ घाटाजवळच्या मुकणे गावी जयबा पोपेरे नावाचा एक महादेव कोळी नाईक होता. त्याच्याजवळ एक मातीची गढी होती, बाकी फारसे काही नव्हते. पिंप्रीच्या देवस्थानाला गेला असता पाच कोळी भिक्षेकऱ्यांनी त्याला आशीर्वाद दिला आणि 'जव्हारचा राजा' म्हणून मुजरा केला. जयबाने माणसे जमवली, पेठ आणि धरमपूर या मुलखातून तो सुरतेकडे गेला आणि पुढे काठेवाडात सात वर्षे राहिला. परत येऊन तो जव्हारला गेला. जव्हार त्या वेळी एका वारली नायकाच्या ताब्यात होते. जयबाने त्याच्याकडे फार काही मागितले नाही. एका बैलाच्या चामड्याखाली मावेल एवढीच जमीन द्या, म्हणाला. वारली नायक हो म्हणाला. मग जयबाने त्या चामड्याच्या बारीक बारीक वाद्या कापल्या, एकीला एक जोडल्या आणि त्यांनी नायकाचा सगळाच्या सगळा मुलूख वेढून टाकला. दिलेला शब्द मोडता येत नव्हता. वारली नायकाला वायव्येकडचा गंभीरगड आणि त्याच्या भोवतालचा प्रदेश मिळाला, आणि जयबा जव्हारचा धनी झाला.

या गोष्टीतून इतिहास किती हाती लागतो? पाच भिक्षेकरी, सात वर्षे, एक चामडे हे कहाणीचे आकडे आहेत, बखरीचे नव्हेत. जयबानंतर त्याचा मुलगा नेमशाह गादीवर आला आणि त्याला दिल्लीच्या सुलतानाकडून राजेपदाची मान्यता मिळाली, तिथपासून जमीन जरा घट्ट लागते. ५ जून १३४३ हा तो दिवस मानला गेला, आणि त्या दिवसापासून जव्हार दरबाराने स्वतःचा शकही चालवला. मुकणे घराण्याची ही गादी १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन होईपर्यंत टिकली. म्हणजे सहाशे वर्षे. तेव्हा संस्थानाचे क्षेत्रफळ होते ३१० चौरस मैल.

इथे एक हिशेब करून पाहण्याचा मोह होतो. बैलाचे एक मोठे चामडे साधारण चार चौरस मीटरचे धरले आणि त्याच्या एक मिलिमीटर रुंदीच्या वाद्या कापल्या, तर दोरी होते चार किलोमीटरची. तिने गोल वेढा घातला तर आत सव्वा चौरस किलोमीटर जमीन येते. एखाद्या बऱ्या पाड्याची शिवारे. पुढच्या काळातले अख्खे जव्हार संस्थान वेढायचे तर किमान शंभर किलोमीटरची दोरी हवी, आणि वादी माणसाच्या केसापेक्षा बारीक कापावी लागेल. पोपेऱ्यांची सुरी तेवढी धारदार नसणार. (पोपेरे हे आडनाव सह्याद्रीच्या त्या पट्ट्यात आजही आहे, अकोले तालुक्यातल्या 'बीजमाता' राहीबाई पोपेरे महाराष्ट्राला ठाऊक आहेतच.)

ही गोष्ट जव्हारची एकट्याची नाही, हे वाचकांच्या लक्षात आले असेलच. कार्थेज नगरी वसवणाऱ्या डायडो राणीने हीच युक्ती आफ्रिकेच्या किनाऱ्यावर केली. व्हर्जिलच्या महाकाव्यात तिचा उल्लेख आहे. कमी लांबीच्या दोरीत जास्तीत जास्त क्षेत्र कसे कोंडावे या गणिती प्रश्नाला आजही डायडोचे नाव आहे. इंग्लंडात सॅक्सन सरदार हेंगिस्टबद्दल हेच सांगतात, आणि मलाक्का, जकार्ता या बाजूंना युरोपी व्यापाऱ्यांनी बंदरे कशी बळकावली हे सांगताना तिथले लोक हीच गोष्ट वापरतात. लोककथांच्या आंतरराष्ट्रीय सूचीत या कथाप्रकाराला २४०० हा स्वतंत्र क्रमांक आहे. इतकी माहिती दिली की बरेच अभ्यासक थांबतात: 'भ्रमणशील कथा आहे, कुठूनतरी आली असेल.' असेलही. जयबा सात वर्षे काठेवाडात होता असे सांगणारी कथा स्वतःच बंदरांच्या मुलखाकडे बोट दाखवते. पण कथा कुठून आली यापेक्षा ती इथे का टिकली हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. त्याचे उत्तर शोधायला एका दूरच्या बेटाकडे जावे लागते.

आयर्लंड हा देश मराठी वाचकाला एके काळी आजच्यापेक्षा जवळचा होता. न. चिं. केळकरांनी आयर्लंडचा इतिहास मराठीत लिहिला. टिळकांनी १९१६ साली जी होमरूल लीग काढली तिचे नावच आयरिश चळवळीतून आलेले. 'बॉयकॉट' हा शब्दही तिथलाच: १८८० साली मेयो परगण्यातल्या कुळांनी कॅप्टन बॉयकॉट नावाच्या जमीनदाराच्या कारभाऱ्याशी सगळे व्यवहार तोडले, आणि त्याचे आडनाव जगाच्या शब्दकोशात गेले. या राजकारणापलीकडे आयर्लंडची दुसरी ओळख तिथल्या कथांची. येट्स, लेडी ग्रेगरी, डग्लस हाइड या मंडळींनी खेडुतांच्या तोंडच्या कथा लिहून घेतल्या, त्यातून नाटके झाली, १९०४ साली डब्लिनला अ‍ॅबी थिएटर उभे राहिले. आयरिश भाषेसाठी झटणारे हाइड तर १९३८ मध्ये देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. लोककथा गोळा करणारा माणूस राष्ट्राध्यक्ष होतो, ही गोष्टच आपल्याकडे दंतकथा वाटावी.

तर त्या आयर्लंडात संत ब्रिजिडची कथा आहे. तिला किल्डेअर इथे मठासाठी जमीन हवी होती. लेन्स्टरचा राजा देईना. शेवटी ती म्हणाली, माझ्या अंगावरच्या शालीखाली मावेल एवढी तरी द्या. राजा हसला आणि हो म्हणाला. चार मुलींनी शालीची चार टोके धरली आणि चार दिशांना चालायला लागल्या. शाल वाढत गेली, वाढतच गेली, आणि सगळे कर्रा मैदान तिच्याखाली गेले. ते विस्तीर्ण गवताळ मैदान आजही आहे, तिथे घोड्यांच्या शर्यती होतात. ब्रिजिडच्या सणाची १ फेब्रुवारीच्या सुमारास २०२३ पासून आयर्लंडभर सार्वजनिक सुट्टी असते. चामड्याच्या जागी शाल आणि सुरीच्या जागी चमत्कार, एवढाच फरक.

याहून जुनी आणि जास्त चतुर कथा एंगस या देवाची. बोइन नदीकाठी न्यूग्रेंज नावाचा एक प्रचंड दगडी टेकाड-घुमट आहे, इजिप्तच्या पिरॅमिडांहून जुना, पाच हजारांहून अधिक वर्षांचा. आयरिश पुराणात ते दाग्दा या थोर देवाचे घर. एंगसने ते घर त्याच्याकडे 'एक दिवस आणि एक रात्र' राहायला मागितले. मुदत संपल्यावर दाग्दाने घर परत मागितले, तेव्हा एंगस म्हणाला: दिवस आणि रात्र यांतच तर सगळा काळ आला, तुम्ही मला घर कायमचे दिले आहे. दाग्दाला निघून जावे लागले. ही कथा बाराव्या शतकातल्या हस्तलिखितात सापडते. तिच्या दुसऱ्या पाठात फसवला जाणारा दाग्दा नसून दुसराच कोणी आहे, पण युक्ती तीच.

आणि आपल्याकडची गोष्ट तर या दिवाळी अंकाच्या वाचकाला सांगायलाच नको. तीन पावले जमीन. शब्द दिला, पाय वाढला, पाताळ नशिबी आले. बलिप्रतिपदेला आपण ज्याची आठवण काढतो तोही शब्दाला जागून हरलेलाच राजा. 'इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो' असे ओवाळताना म्हणणाऱ्या बायका कोणाच्या बाजूने बोलतात हे जोतीराव फुल्यांनी नेमके हेरले. १८७३ सालच्या 'गुलामगिरी'त त्यांनी बळीला या भूमीचा मूळचा राजा आणि वामनाला बाहेरून आलेला आक्रमक म्हणून वाचले.

चारही गोष्टींत मागणारा थोडेच मागतो. देणारा भोळा नाही, उदार आहे; आणि तो हरतो ते शब्द पाळला म्हणून. बळावर जमीन घेतल्याच्या गोष्टी जगात ढिगाने आहेत, त्या राजांच्या स्तुतिपाठकांना आवडतात. या जातीच्या गोष्टी मात्र जिंकणारा आणि हरणारा दोघेही सांगू शकतात. दरबारात ती पूर्वजाच्या हुशारीची कथा होते. पाड्यावर तीच गोष्ट सांगितली की ऐकणाऱ्याच्या कानी वेगळेच येते: इथे आधी आपण होतो. जव्हारच्या कथेत हे स्पष्ट शब्दांत आहे. राजघराण्याची स्थापना सांगणारी कथाच कबूल करते की जमीन वारल्यांची होती. विजेत्याच्या तोंडून आलेला असा कबुलीजबाब कुठल्या सनदेत सापडायचा नाही.

फुल्यांची मांडणी मात्र इथे जशीच्या तशी लावता येत नाही. मुकणे हे बाहेरून आलेले उच्चवर्णीय नव्हते. महादेव कोळी हेही आदिवासीच, आणि आदिवासी घराण्याने सहाशे वर्षे चालवलेली संस्थाने या बाजूला विरळाच. डोंगरातला एक समाज दुसऱ्या समाजाला हटवून राजा झाला आणि मग दोघेही त्याच डोंगरात राहिले. डहाणूजवळच्या विवळवेढे इथल्या महालक्ष्मीच्या गडावर चैत्र पौर्णिमेच्या रात्री जो ध्वज चढतो तो जव्हारच्या मुकणे घराण्याचा, आणि तो घेऊन काळोखात कडा चढणारा पुजारी वाघाडी गावचा आदिवासी. राजाचा ध्वज आणि अनवाणी चढणारे पाय, असा हा समझोता.

आयरिश पुराणातही असाच समझोता आहे. माइलचे वंशज समुद्रावरून आले तेव्हा बेटावर तुआथा दे दानान ही देवांची जमात राज्य करीत होती. ती हरली. वाटणी अशी झाली की जमिनीच्या वरचा अर्धा भाग नव्या लोकांना आणि खालचा अर्धा जुन्यांना. हरलेले देव टेकाडांच्या पोटात गेले. इंग्रजीत त्यांच्या 'परी' झाल्या, पण खेड्यातला आयरिश माणूस त्यांना दबकूनच असे. त्यांच्या टेकाडावर नांगर घालायचा नाही, त्यांचे हॉथॉर्नचे झाड तोडायचे नाही. साउइनच्या रात्री, म्हणजे ३१ ऑक्टोबरला, टेकाडांची दारे उघडतात असे मानत. आपली दिवाळी त्याच सुमारास येते.

जव्हार आणि मोखाड्यात हरलेले लोक टेकाडात गेले नाहीत. ते पाड्यांवर राहिले, आणि त्यांच्या गोष्टी राजाच्या गोष्टीपासून पूर्ण वेगळ्या वाटेने गेल्या. वारल्यांच्या कथांत राजा फारसा नाहीच. त्यांत कणसरी आहे, धान्याची देवी. नारनदेव आहे, पावसाचा. हिरवा, हिमाय, वाघदेव आहेत. भाताची कापणी झाली की भगत घांगळी घेऊन कणसरीची कथा गातो, रात्र रात्र. लग्नात धवलेरी चौकातल्या पालघट देवीपुढे गाते आणि तिच्या गाण्याखेरीज लग्न लागत नाही; अख्ख्या महाराष्ट्रात लग्न लावणारी पुरोहित बाई असलेला समाज बोटावर मोजण्याजोगा. कोकणा समाजात थाळगान असते: काशाच्या थाळीला मेणाने एक काडी उभी चिकटवायची आणि तिच्यावरून बोटे ओढत गुंजणाऱ्या सुरावर कथा सांगायची. त्यात रामकथाही असते, पण तो राम अयोध्येपेक्षा डोंगराच्या जास्त ओळखीचा. मोखाड्याच्या बोहाड्यात मुखवटे घालून देव आणि राक्षस रात्रभर नाचतात.

या कथांचे आकर्षण काय, असे शहरी वाचक विचारतो तेव्हा त्याला बहुधा अद्भुतता अपेक्षित असते. माझ्या मते ओढ लावते ती त्यांची नेमकी जागा. आयरिश परंपरेत 'दिन्शेनाखस' नावाचा एक वाङ्मयप्रकारच आहे: प्रत्येक टेकडीला, ओढ्याला, खडकाला तेच नाव का पडले याची कथा, आणि कवीला त्या सगळ्या पाठ असल्या पाहिजेत. जव्हारच्या परिसरातही तसेच आहे. १६६४ साली सुरतेकडे जाताना शिवाजी महाराजांची आणि जव्हारच्या विक्रमशाहाची भेट जिथे झाली, तिथे महाराजांना शिरपेच देऊन मान दिला, म्हणून ती जागा शिरपामाळ, असे सांगतात. व्युत्पत्ती भाषाशास्त्राला पटो न पटो, माळावर उभे राहिले की ती खोटी वाटत नाही.

आता गोळा करण्याबद्दल. इथे तुलना आपल्याला जरा झोंबणारी आहे.

नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याला अनंत कान्हेरे यांनी २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात गोळ्या घातल्या, 'शारदा' नाटकाच्या वेळी, हे आपण शाळेत शिकतो. हा जॅक्सन लोकसमजुती जमवत असे हे फारसे सांगितले जात नाही. त्याने प्रश्नावली तयार करून गुजरात आणि कोकणातल्या गावोगावच्या शाळामास्तरांकडे पाठवली होती. त्याच्या मृत्यूनंतर एन्थोवेनने ती उत्तरे संपादित केली. कोकणचा खंड १९१५ साली निघाला. तेव्हाचा ठाणे जिल्हा त्यातच येतो. पाने चाळली की पाऊस, भुते, विहिरी, झाडे यांविषयी मास्तरांनी दिलेल्या उत्तरांच्या ओळी भेटतात. पण त्या उत्तरेच आहेत. साहेबाने विचारले, मास्तरांनी कळवले. गोष्ट सांगणाऱ्या म्हातारीचा आवाज मधल्या मध्ये गळाला. त्याच सुमारास डब्लिनजवळ जन्मलेल्या जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाचा मराठीचा खंड निघाला, १९०५ मध्ये. त्यात वारली आणि कातकरी बोलींचे नमुने आहेत. सर्वेक्षणाचा ठरलेला नमुना होता बायबलातल्या उधळ्या मुलाची कथा! कणसरी ज्यांच्या जिभेवर होती त्यांच्या बोलीला सरकारदरबारी पहिली जागा मिळाली ती दुसऱ्याच्या गोष्टीत.

आयर्लंडने स्वातंत्र्यानंतर वेगळी वाट धरली. १९३५ साली सरकारने लोककथा आयोग नेमला. शेमस ओ डुलार्गा त्याचे प्रमुख. सायकलवरून फिरणारे पूर्णवेळ संग्राहक मेणाच्या नळकांड्यांवर आवाज मुद्रित करीत, घरी येऊन शब्दन् शब्द उतरवून काढीत. आणि १९३७ ते १९३९ या काळात त्यांनी एक विलक्षण गोष्ट केली: सुमारे पाच हजार प्राथमिक शाळांतल्या पन्नास हजारांच्या आसपास मुलांना आजी-आजोबांकडून गोष्टी ऐकून वहीत लिहून आणायला लावले. त्या वह्या आज डब्लिनच्या विद्यापीठात आहेत आणि संगणकावर कोणालाही वाचता येतात. जॅक्सनच्या प्रश्नावलीतही शाळा होती, इथेही शाळाच. फरक एवढाच की तिथे पोराने आपल्या आजीला विचारले.

ओ डुलार्गांनी आयरिश कथेकऱ्यांवर आपले प्रसिद्ध व्याख्यान १९४५ साली दिले. फियाना वीरांच्या कथा दिवसा सांगायच्या नसतात, हिवाळ्याच्या रात्रींनाच सांगायच्या, अशी रीत त्यांनी नोंदवली आहे. आपल्याकडेही कणसरी कापणीनंतरच गायची असते. त्याच १९४५ साली के. जे. सावे यांचे वारल्यांवरचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. आणि त्याच वर्षी, मे महिन्यात, झरी इथल्या परिषदेत वारल्यांनी वेठबिगार करणार नाही असे ठरवले. ऑक्टोबरात तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला, जेठ्या गांगड आणि त्याचे सोबती मेले. गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो'मध्ये तो काळ आहे. एका वर्षात एका देशात कथा सांगणाऱ्यांवर व्याख्यान, आणि दुसऱ्या देशात कथा सांगणाऱ्यांवर गोळ्या. जमीन दोन्हीकडे मुळाशी होती. आयर्लंडने आपला कुळांचा लढा साठ वर्षे आधी लढून घेतला होता, एवढेच.

पुढे वारली चित्रे जगभर गेली. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. चौकोनातली देवी कापडावर, कपबशीवर, विमानतळाच्या भिंतीवर आली. पण ते चित्र ज्या गाण्याबरोबर काढले जात असे ते गाणे मागे राहिले. चित्र विकत घेता येते. रात्रभर चालणारी कथा ऐकायला रात्र द्यावी लागते.

आणि ती रात्रच आता मोकळी नाही. कापणीनंतरचे, दिवाळीपासून पुढचे महिने हे कथेचे महिने. जव्हार-मोखाड्यातली कुटुंबे नेमकी त्याच वेळी पाडे सोडतात आणि भिवंडी, वसई, ठाणे, नाशिक बाजूच्या वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर जातात. बाहेरच्या जगाला हे दोन तालुके ठाऊक आहेत ते १९९२ सालच्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंमुळे, जसे आयर्लंड बराच काळ १८४५ च्या बटाट्याच्या दुष्काळामुळे ठाऊक होते. त्या दुष्काळात दहा लाख माणसे मेली आणि त्याहून जास्त देश सोडून गेली. जी गेली आणि मेली त्यांतली बरीच आयरिश बोलणारी होती, म्हणून भाषेलाही तो घाव कायमचा बसला. भट्टीवरही संध्याकाळ असते, म्हाताऱ्याही असतात, पण कणसरी गायला तिथे कणगी नसते.

एक शेवटची गोष्ट, कोरड्या कायद्याची. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली जमिनीचा दावा करताना पुरावा कोणता चालतो याची यादी २००८ च्या नियमांत आहे. कागदपत्रे, नकाशे, पंचनामे यांच्या जोडीला तिथे जुन्या विहिरी, दफनभूमी, पवित्र स्थाने येतात, आणि दावेदाराखेरीज इतर वडीलधाऱ्यांचे लेखी नोंदवलेले जबाबही. म्हणजे पाड्यावरच्या म्हातारीने 'हा देव इथे कधीपासून, हे रान कोणी मोडले' हे सांगितले आणि ते ग्रामसभेत कोणी लिहून घेतले, तर ते पुरावा म्हणून दाखल होते. लिहून घ्यायला मात्र ती घरी असावी लागते, आणि जव्हारच्या दऱ्यांतून दिवाळीनंतर ट्रक सुटायला लागतात.